प्रश्नोत्तरे : कारखान्यात एआय आणायचे, पण कोणत्या कामासाठी?

या अंकासाठी लघु आणि मध्यम कारखानदारांकडून आलेल्या पत्रांत एआयविषयीचे प्रश्न इतके आहेत की या वेळचे सदर त्यांनाच द्यावे असे ठरवले. पत्रे संक्षिप्त केली असून पाठवणाऱ्यांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : शिरोली औद्योगिक वसाहतीत आमची ग्रे आयर्नची (करड्या बिडाची) फौंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना, आहे. महिन्याला सुमारे १५० टन माल ओततो. रिजेक्शन, म्हणजे दोषामुळे बाद होणारा माल, सरासरी ८ टक्के असते, पावसाळ्यात ते १० टक्क्यांवर जाते. साचे ज्या वाळूचे करतो तिच्या चाचण्यांवरून एआय रिजेक्शनचा अंदाज आधीच सांगेल आणि वाळूत काय बदल करायचा तेही सुचवेल, असा प्रस्ताव एका कंपनीने दिला आहे. किंमत १४ लाख रुपये आणि पुढे दरवर्षी अडीच लाख. मुलगा म्हणतो घेऊन टाकू. आमचे मोल्डिंगचे (साचे बनवण्याचे) जुने फोरमन म्हणतात, वाळू मुठीत धरली की मला कळते, त्याला कॉम्प्युटर कशाला? आम्ही कोणाचे ऐकावे?

उत्तर : आपल्या फोरमनचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. वाळू मुठीत दाबून, तिचा गोळा मोडून जाणकार माणसाला तिच्यातील ओल आणि ताकद यांचा बराच नेमका अंदाज येतो. मात्र वाळूत जिवंत, म्हणजे अजून चिकटपणा असलेले, बेंटोनाइट (वाळूला बांधणारी माती) किती उरले आहे, जळून मेलेली माती किती साठली आहे किंवा एलओआय (वाळूतील जळून उडणाऱ्या पदार्थांचे प्रमाण) कुठवर गेला आहे, हे मुठीला कळत नाही आणि रात्रपाळीला फोरमन स्वतः हजर नसतात. आपल्या मुलाचेही चुकत नाही, कारण अशा प्रणाली खरोखर चालतात. ओल, कॉम्पॅक्टिबिलिटी (वाळू किती दबते), ग्रीन स्ट्रेंग्थ (ओल्या वाळूची ताकद), पर्मिएबिलिटी (वाळूतून वायू किती जातो) यांच्या कोणत्या मिश्रणात कोणत्या पॅटर्नला (साचा उठवण्याच्या नमुन्याला) कोणता दोष येतो, हे हजारो नोंदी एकत्र पाहून शोधणे माणसाला जमत नाही, संगणकाला जमते. अडचण निराळीच आहे आणि ती आपल्या पत्रात कुठेच आलेली नाही : रिजेक्ट झालेला नग कोणत्या वेळच्या वाळूत ओतला होता, हे आपल्याकडे लिहिलेले आहे का?

बहुतेक फौंड्रींत दोन वह्या असतात. वाळूच्या वहीत ‘सकाळी ११, ओल ३.६’ अशी नोंद असते. फेटलिंगच्या (ओतलेला माल साफ करण्याच्या विभागाच्या) वहीत ‘अमुक पॅटर्न, ३४ नग रिजेक्ट, ब्लोहोल’ (वायूने पडलेली पोकळी) असे लिहिलेले असते, पण त्यापुढची तारीख दोष दिसला त्या दिवसाची असते, माल ओतला त्या दिवसाची नसते. कास्टिंग, म्हणजे ओतलेला नग, शेकआउट होऊन (साच्यातून निघून), शॉटब्लास्ट होऊन (छर्ऱ्यांच्या माऱ्याने साफ होऊन) फेटलिंगला पोचेपर्यंत दोन-तीन दिवस जातात आणि आतला दोष ग्राहकाच्या मशिनिंगमध्ये उघडा पडेपर्यंत पंधरवडासुद्धा उलटतो. या दोन वह्यांना जोडणारा धागा नसेल तर १४ लाखांचे सॉफ्टवेअर शिकणार कशावरून? ते अंदाज देईल, पडद्यावर रंगीत आलेखही दिसतील, पण त्या अंदाजांना आधार नसेल.

म्हणून पहिले काम पॅटर्नवर बदलता येणारी तारीख-पाळीची खूण बसवण्याचे आहे. प्रत्येक हीटचा (भट्टीतील एका वितळणीचा) क्रमांक, पहिल्या आणि शेवटच्या बॉक्सच्या (साच्याच्या पेटीच्या) वेळचे ओतण्याचे तापमान, वाळूच्या चाचणीची घड्याळातील वेळ आणि परत येणाऱ्या वाळूचे तापमान एवढे रोज लिहिले जाऊ द्यावे. परतीच्या वाळूचा मुद्दा बारीक वाटतो, पण गरम वाळूतील ओल मिक्सरपासून मोल्डिंग मशीनपर्यंत जाता जाताच उडते आणि प्रयोगशाळेतील आकडा व बॉक्समधील वाळू यांचा मेळ राहत नाही. फोरमनच्या मुठीचा अंदाजही चाचणीपूर्वी लिहून घ्यावा, ‘बरी’, ‘कोरडी’, ‘जड’ अशा त्यांच्याच शब्दांत. पुढे कोणतीही प्रणाली घेतली तरी हा रकाना कामाला येईल, आणि हे काम आपल्याविरुद्ध चाललेले नाही हे त्यांनाही दिसेल.

पावसाळ्यातील वाढीकडे थोडे बारकाईने पाहा. आपण ती वाळूच्या खात्यावर टाकली आहे, पण पावसाळ्यात रात्रभर ठेवलेले कोअरही (नगातील पोकळी घडवणारे वाळूचे गाभे) हवेतील ओल धरतात आणि ब्लोहोल तिथूनही येतो. जून ते सप्टेंबरच्या रिजेक्शनमधून कोअर असलेले आणि कोअर नसलेले पॅटर्न वेगळे काढा. वाढ फक्त कोअर असलेल्या कास्टिंगमध्ये असेल तर तुमचे उत्तर कोअर सुकवण्यात आणि साठवण्यात आहे, वाळूच्या सॉफ्टवेअरला ते दिसणारच नाही. तसेच रिजेक्शनपैकी किती मोल्ड शिफ्टमुळे (साच्याचे दोन भाग सरकल्यामुळे) आहे हेही मोजा. बॉक्सचे भाग जुळवणाऱ्या पिना आणि बुश झिजल्या असतील तर जगातले कोणतेही एआय त्या बदलून देणार नाही.

आता हिशेब. रिजेक्ट माल पुन्हा भट्टीत जातो, त्यामुळे नुकसान कास्टिंगच्या पूर्ण किमतीचे नसते. ते वितळवण्याची वीज, वाळू, कोअर, मजुरी आणि वाया गेलेला मोल्डिंगचा वेळ यांचे असते. ते किलोमागे ३० रुपये आहे असे उदाहरणापुरते धरू, आपला खरा आकडा आपण काढावा. रिजेक्शन ८ वरून ६ टक्क्यांवर आले तर महिन्याला ३ टन वाचतात, म्हणजे ९० हजार रुपये आणि वर्षाला १० लाख ८० हजार. त्यातून वार्षिक अडीच लाख वजा केले की ८ लाख ३० हजार उरतात आणि १४ लाख फिटायला साधारण २० महिने लागतात. हे वाईट नाही. पण त्या २ टक्क्यांपैकी निम्मी सुधारणा नुसत्या शिस्तीच्या नोंदींतून आणि पिना-बुश बदलण्यातून मिळाली, तर उरलेल्या १ टक्क्यासाठी तेच पैसे फिटायला जवळजवळ पाच वर्षे लागतील. माझा कयास असा की पहिला टक्का वहीतूनच मिळेल.

एक पावसाळा धरून नोंदी झाल्यावर त्याच कंपनीला पुन्हा बोलवावे. तेव्हा करारात दोन गोष्टी घालून घ्याव्यात. नोंदी आपल्या मालकीच्या राहतील आणि केव्हाही साध्या एक्सेल फाइलीत परत मिळतील, ही पहिली. दुसरी अशी की सुधारणेची तुलना गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी होईल. ऑगस्टमध्ये प्रणाली बसवून नोव्हेंबरमध्ये फरक मोजला तर रिजेक्शन पाऊस ओसरल्यामुळे आपोआप उतरलेले असते, आणि त्याचे श्रेय मात्र सॉफ्टवेअर घेऊन जाते.

प्रश्न : भोसरीत आमचे मशीन शॉप आहे. ॲल्युमिनियमचा एक वाहनउद्योगाचा भाग रोज साधारण २,००० नग जातो. अंतिम तपासणीला दोन जण नजरेने पाहतात, तरी गेल्या तिमाहीत ग्राहकाकडे पोरोसिटीचे (बारीक छिद्रांचे) तीन नग गेले आणि डेबिट नोट (नुकसानीची रक्कम आमच्या नावे टाकल्याची चिठ्ठी) आली. कॅमेरा आणि एआय तपासणीची प्रात्यक्षिके पाहिली. विक्रेता ९९ टक्के अचूकता सांगतो. घेण्यात धोका आहे का?

उत्तर : ९९ टक्के हा आकडा ऐकून हुरळून जाऊ नये. आपल्याकडे खराब नग हजारी ५ निघतात असे समजा. मग डोळे मिटून प्रत्येक नगाला ‘ओके’ म्हणणारे यंत्रसुद्धा ९९.५ टक्के अचूक ठरते. आपण विक्रेत्याला दोन वेगळे आकडे विचारावेत : खराब नगांपैकी किती सुटतात आणि चांगल्यांपैकी किती विनाकारण बाद होतात. चांगल्या नगांपैकी ३ टक्के बाद झाले तरी रोज सुमारे ६० नग पुन्हा माणसाने पाहायचे आले. हे परवडण्यासारखे आहे. सुटलेला एक नग परवडत नाही. तेव्हा यंत्र कडक लावावे आणि बाद झालेल्यांवर माणसाची नजर ठेवावी.

त्याआधी कामाची फोड करा. व्यास, खोली, सेंटर अंतर ही मापे कॅमेऱ्याची नव्हेत, ती एअर गेज, प्लग गेज यांसारख्या मोजमापाच्या साधनांची आहेत. आटा पडलाच नाही, चॅम्फर (कडेचा तिरपा काप) राहिला, भोक आरपार नाही, असे ‘आहे की नाही’ स्वरूपाचे दोष साध्या व्हिजन सेन्सरला कळतात. त्याला शेकडो नमुने दाखवून शिकवावे लागत नाही आणि तो स्वस्तही पडतो. शिकणारे एआय लागते ते फक्त ज्याला ठरावीक आकार नाही अशा दोषाला, म्हणजे पोरोसिटी, ओरखडा, ठोक यांना. विक्रेते तिन्ही कामे एकाच पेटीत घालून विकतात, कारण त्यांना तसे सोयीचे जाते.

प्रात्यक्षिकात दाखवलेला नग पुसून कोरडा केलेला असतो. आपल्या शॉपमधील नगावर कुलंटचा (कापताना सोडायच्या थंड करणाऱ्या द्रवाचा) थर असतो, भोकात एखादी बारीक चिप अडकलेली असते आणि तेलाचा थेंब प्रकाशात नेमका पोरोसिटीसारखा काळा दिसतो. त्यामुळे कॅमेऱ्याच्या आधी धुण्याचे आणि सुकवण्याचे स्टेशन नीट असले पाहिजे. कॅमेरा आणि सॉफ्टवेअर यांच्यापेक्षा प्रकाशयोजनेवर अधिक दिवस जातात. वरून येणाऱ्या प्रकाशात न दिसणारा ओरखडा बाजूने तिरपा प्रकाश टाकला की स्पष्ट दिसतो. कोनाचा हा खेळ प्रत्यक्ष आपल्या नगावरच जुळवावा लागतो.

पैसे देण्यापूर्वी आणखी एक चाचणी करा, तिला खर्च नाही. ५० नगांचा एक ट्रे घ्या, त्यात काही सीमारेषेवरचे मुद्दाम ठेवा, प्रत्येकाला खुणेचा क्रमांक द्या आणि दोन्ही तपासनिसांकडून तो स्वतंत्रपणे तपासून घ्या. चार दिवसांनी क्रम बदलून तोच ट्रे पुन्हा त्यांच्यापुढे ठेवा. वाहनउद्योगातील कारखान्यांना ॲट्रिब्यूट एमएसए (तपासनिसांचे निर्णय एकमेकांशी जुळतात का हे पाहणारी अशी चाचणी) माहीत असते, पण पुष्कळ ठिकाणी ते ऑडिटपुरते कागदावरच राहते. दोघांचे उत्तर जुळत नसेल किंवा एकाच माणसाचे सोमवारचे आणि शुक्रवारचे उत्तर वेगळे येत असेल, तर मर्यादा नमुन्याचाच (किती दोष चालेल याची सीमा दाखवणाऱ्या नगाचाच) गोंधळ आहे. अशा वेळी कॅमेऱ्याला शिकवणार कोण? आपण त्याला एक दिवस एका तपासनिसाचे मत शिकवाल, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याचे. आधी ग्राहकाच्या गुणवत्ता विभागाकडून किती आकाराची आणि कोणत्या पृष्ठभागावरील पोरोसिटी चालेल हे लेखी घ्या आणि मर्यादा नमुने मंजूर करून घ्या.

खराब नग साठवणे आजपासून सुरू करा. रोज १० खराब निघत असतील तर शंभर नमुने जमायला दहा दिवस पुरतात, पण दुर्मीळ दोषाचे वीस नग जमायला काही महिने लागतात, आणि ग्राहकाकडे नेमका तोच जातो. हे नग कुलूपबंद लाल पेटीत राहावेत, म्हणजे चुकून चांगल्यांत मिसळणार नाहीत. त्यांतील काही विक्रेत्याला कधीही दाखवू नका. प्रणाली बसली की परीक्षा त्यांच्यावरच घ्या. शेवटी, पहिला महिनाभर कॅमेऱ्याला नग बाद करण्याचा अधिकार देऊ नका. तो आपले मत नोंदवेल, माणसे पूर्वीप्रमाणे तपासतील आणि जिथे दोघांचे जुळत नाही तेवढेच नग रोज संध्याकाळी टेबलावर घेऊन बसावे.

प्रश्न : कुपवाडला आमच्या सासऱ्यांनी सुरू केलेला शेतीपंपांच्या सुट्या भागांचा कारखाना आहे आणि ऑफिसचे सगळे काम मी पाहते. ई-मेलवर आलेल्या खरेदी ऑर्डरी टॅलीत चढवणे, कोटेशन, ग्राहकांच्या तक्रारींना इंग्रजीतून उत्तरे आणि जीएसटीची जुळवाजुळव. चॅटजीपीटीसारख्या फुकट साधनांवर हे करता येईल का? मिस्टरांना भीती वाटते की ग्राहकाची ड्रॉइंग बाहेर जातील.

उत्तर : त्यांची भीती रास्त आहे. ग्राहकाबरोबर गोपनीयतेचा करार असेल तर त्याचे ड्रॉइंग किंवा दरपत्रक फुकट साधनात टाकणे हा सरळ करारभंग ठरू शकतो. व्यवसायासाठीच्या सशुल्क योजनांत दिलेल्या मजकुरावर मॉडेलला शिकवले जाणार नाही अशी अट असते. ती वाचून मगच घ्यावी, आणि तरीही ड्रॉइंग ग्राहकाच्या परवानगीशिवाय देऊ नये.

आपल्या यादीतील प्रत्येक कामाला एआय लागत नाही. जीएसटीआर-२बी (पुरवठादारांच्या विवरणांवरून जीएसटी पोर्टलने तयार केलेला तक्ता) आणि खरेदीची नोंदवही यांची जुळणी हे ठोस नियमांचे काम आहे. टॅली किंवा साधे हिशेबाचे सॉफ्टवेअर ते बिनचूक करते, तिथे अंदाज बांधणारे साधन वापरणे उलट घातक आहे. आपली वार्षिक उलाढाल ५ कोटींवर गेली असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवून घ्यायचे बिल) बंधनकारक आहे आणि तेही साध्या सॉफ्टवेअरमधून होते.

एआयचा खरा उपयोग खरेदी ऑर्डरींना होईल. प्रत्येक ग्राहकाचा नमुना वेगळा, कोणाची पीडीएफ, कोणाचा स्कॅन, कोणी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतो. त्यातून पार्ट नंबर, नग, दर आणि तारीख काढून एका तक्त्यात भरणे ही साधने चांगले करतात. पण तक्ता थेट टॅलीत जाऊ देऊ नका. पार्ट नंबर आपल्या यादीत आहे का आणि दर मागच्या ऑर्डरशी जुळतो का, ही दोन तपासण्या एक्सेलच्या सूत्राने करा, आणि जिथे फरक दिसेल तेवढ्याच ओळी स्वतः पाहा. मुद्दाम सांगतो, कारण अस्पष्ट स्कॅनमधील ३ आणि ८ यांत घोटाळा झाला तरी ही साधने अडखळत नाहीत, तितक्याच ठामपणे चुकीचा आकडा लिहून मोकळी होतात.

तक्रारींच्या उत्तरांबाबत मात्र सावध राहा. नग का बिघडला याचे मूळ कारण ही साधने विचारल्याबरोबर लिहून देतात, तेही सुरेख इंग्रजीत : ऑपरेटरला प्रशिक्षण कमी पडले, प्रक्रियेवर देखरेख अपुरी होती, वगैरे. ग्राहकाचा माणूस पुढच्या भेटीत त्या प्रशिक्षणाची नोंद मागतो आणि आपल्याकडे ती नसते. कारण आपण शॉपमध्ये जाऊन शोधावे, मराठीत चार ओळींत लिहावे आणि मग भाषा सुधारण्यापुरते साधन वापरावे.

आपण विचारलेले नाही, पण एक उपयोग सुचवतो. मशीन बिघडली की ऑपरेटर वहीत ‘मशीन बंद’ एवढेच लिहितो, तोंडी मात्र सगळे नीट सांगतो. त्याला फोनवर पंधरा-वीस सेकंद मराठीत बोलू द्यावे आणि त्याचे लिखित रूप करून ठेवावे. ‘चकातून जॉब सुटतोय’, ‘स्पिंडल गरम झाल्यावर आवाज करतंय’ असली शॉपची बोली साधनाला कळते का, हे आपल्याच ऑपरेटरांच्या आवाजावर आधी तपासून पाहावे. वर्षभरात अशा नोंदी साठल्या तर कोणत्या मशीनचे बेअरिंग कधी मागवायचे, हे त्यांतूनच पुष्कळसे समजेल.

प्रश्न : अंबडच्या एका कारखान्यात मी सुपरवायझर आहे. मालकांनी लाइनवर कॅमेरे आणि मोजणीची यंत्रणा बसवायचे ठरवले आहे. कामगार म्हणतात, आज नग मोजतील, उद्या लघवीला गेलेली मिनिटे मोजतील आणि परवा घरी बसवतील. त्यांना मी काय सांगू?

उत्तर : जे खरे आहे तेच सांगा, आणि त्यासाठी आधी मालकांकडून ते काढून घ्या. तपासणीच्या टेबलावर माणसे कमी लागणार असतील तर ‘कोणाचेही काम जाणार नाही’ असे आश्वासन आपल्या तोंडून जाऊ देऊ नका. ते मोडले तर मालकाबरोबर आपलीही किंमत जाईल. यंत्रसामग्री किंवा तंत्र सुधारल्यामुळे कामगारकपात संभवत असेल तर कामगारांना आगाऊ नोटीस द्यावी, ही तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती आणि औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे. मालकांनी कामगार सल्लागाराला हे विचारून घेतले आहे का, एवढे आपण त्यांना नम्रपणे विचारू शकता.

कॅमेरा कुठे रोखलेला आहे, हा वादाचा खरा गाभा आहे. तो नगावर आणि फिक्स्चरवर (नग धरणाऱ्या पकडीवर) रोखला असेल तर चेहरा चौकटीत येण्याचे कारणच नाही. बसवताना दोन कामगारांना पडद्यासमोर उभे करून काय दिसते ते दाखवा. मशीन चालू-बंदचा वेळ हवा असेल तर कॅमेराच नको, मोटरच्या केबलवर करंट मोजणारा क्लॅम्प बसवला की पुरते. आणि पहिल्या महिन्यात त्या आकड्यांतून जे निघेल ते कामगारांपुढे ठेवा. बऱ्याच शॉपमध्ये असे आढळते की मशीन बंद राहण्याचे मोठे कारण ऑपरेटर नसतोच, माल आलेला नसतो, इन्सर्ट (कापण्याचे पाते) संपलेला असतो, सेटर (मशीन लावून देणारा) दुसरीकडे अडकलेला असतो किंवा पहिला नग तपासून मिळालेला नसतो. ही माहिती भिंतीवर लावली की कामगारांचा सूर बदलतो. त्याऐवजी पहिल्याच आठवड्यात कोणाचा पगार कापला गेला, तर दुसऱ्या दिवसापासून सेन्सरच्या वायरी आपोआप तुटू लागतील, आणि त्यात मला नवल वाटणार नाही.

तपासणीच्या टेबलावरील अनुभवी माणसांचे काय, हेही मालकांना विचारा. कॅमेऱ्याला शिकवायला आणि त्याने बाद केलेल्या नगांवर निर्णय द्यायला तीच माणसे लागतात. हे काम कौशल्याचे आहे आणि त्याचा पगारही त्याप्रमाणे असावा.

प्रश्न : एआयसाठी सरकारी अनुदान मिळते का? (वाळूज)

उत्तर : सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या अनुदानासाठी आधी उद्यम नोंदणी (अशा उद्योगांची केंद्राकडील नोंदणी) लागते. १ एप्रिल २०२५ पासून वर्गवारीच्या मर्यादा वाढल्या आहेत : यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल १० कोटींपर्यंत सूक्ष्म, २५ कोटी आणि १०० कोटींपर्यंत लघु, १२५ कोटी आणि ५०० कोटींपर्यंत मध्यम. आपला वर्ग बदलला असल्यास नोंद अद्ययावत करा. झेड प्रमाणपत्राच्या (उद्योगाच्या गुणवत्तेसाठी केंद्राने ठेवलेल्या प्रमाणपत्राच्या) खर्चावर सूक्ष्म उद्योगाला ८०, लघुला ६० आणि मध्यमला ५० टक्के सवलत आहे, मात्र ती प्रमाणपत्रापुरती आहे, कॅमेरा घेण्यासाठी नव्हे. पैशापेक्षा सल्ला हवा असेल तर छत्रपती संभाजीनगरमधील इंडो-जर्मन टूल रूम आपल्या जवळच आहे, आणि पुण्यात केंद्राच्या समर्थ उद्योग योजनेतील सी४आय४ लॅब (कारखान्यांना डिजिटल तंत्राबाबत मार्गदर्शन करणारे केंद्र) आहे. जाताना विक्रेत्याचे माहितीपत्रक नेण्याऐवजी गेल्या सहा महिन्यांच्या रिजेक्शनच्या नोंदी घेऊन जा.